भाजीची राखण

दिवाळी सरली की आपल्याकडच्या मंडईला खरा बहर येतो. लालबुंद गाजरं, पांढरेशुभ्र मुळे, मटारच्या शेंगांचे ढीग, मेथीच्या ओल्या जुड्या, कोवळी वालपापडी. पिशवी कमी पडते आणि भावही जरा खाली आलेले असतात. हिवाळा म्हणजे भाज्यांचा हंगाम, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं, की हिवाळा म्हणजे भाज्यांचा शेवट, असाही एक मुलूख आपल्याच देशात आहे, हे चटकन ध्यानात येत नाही. त्या मुलखातली माणसं ऑक्टोबरात भाजी जमिनीत पुरतात आणि एप्रिलपर्यंत ती थोडी थोडी काढून खातात. ही भाजी टिकते कशी, ते आज सांगायचं आहे.

मी हे सांगण्याला एक कारण आहे. आम्ही बागवान. फळं आणि भाजीपाला विकणं हा आमचा पिढीजात धंदा. नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजारगावी अब्बांचा गाळा होता. मी बी. ए. झालो, कविता लिहायला लागलो आणि तराजू हातातून सुटला. पण भाजी दिसली की हात अजून आपोआप देठाकडे जातो. तर 2011 सालच्या ऑक्टोबरात एका कविसंमेलनाच्या निमित्तानं मी लडाखमध्ये लेहला गेलो होतो. कविता वाचून झाल्या, मंडळी परतली. मी मात्र चार दिवस मागे राहिलो आणि गावाबाहेरच्या एका घरात पाहुणा म्हणून उतरलो. घरात सत्तरीच्या एक आजी होत्या. तिकडे आईला आदरानं ‘आमा-ले’ म्हणतात. सगळे त्यांना तसंच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

पहिल्याच सकाळी पाहतो तर अंगणात भाजीचा बाजार भरलेला. एका बाजूला गाजरं, एका बाजूला सलगम, पलीकडे मुळे आणि बटाटे, भिंतीशी मुळांसकट उपटलेले कोबीचे गड्डे. आमा-ले मधोमध बसून एकेक गाजर हातात घेऊन निरखत होत्या. कुठे खरचटलंय, कुठे किडीचं भोक आहे, कुठे खुरप्याचा घाव लागलाय, ते पाहून दोन ढीग लावत होत्या. मी म्हटलं, “आमा-ले, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या भाजी विकतात. मी मदत करतो.” त्या हसल्या आणि त्यांच्या लडाखी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, “विकणं वेगळं, राखणं वेगळं.” मी मुकाट्यानं त्यांच्या शेजारी बसलो.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. वर्षभराचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर. शेती होते ती बर्फ वितळून ओढ्यांना आलेल्या पाण्यावर, आणि तीही मेपासून सप्टेंबरपर्यंत. एकच पीक. जानेवारीतल्या रात्री पारा उणे वीसपर्यंत, कधी त्याच्याही खाली जातो. त्यात रस्त्याची अडचण. श्रीनगरहून येणारा रस्ता जोजी ला या खिंडीतून येतो, मनालीहून येणारा त्याहून उंच खिंडी ओलांडून. बर्फ पडलं की दोन्ही बंद. पूर्वी हे रस्ते वर्षातले पाच-पाच, सहा-सहा महिने बंद असत. विमान येई, पण विमानातून आलेल्या कोबीचा भाव ऐकून माणूस कोबी खायचा विचार सोडून देई. थोडक्यात, पाच महिन्यांत पिकवायचं आणि बारा महिने खायचं, असा हा हिशेब. सातू आणि गहू कणगीत राहतील, जर्दाळू वाळवून ठेवता येतील. पण ज्याच्या अंगात नव्वद टक्के पाणी आहे, त्या गाजराचं काय करायचं?

आमा-ले म्हणाल्या, “भाजीला मारायचं नाही. झोपवायचं.”

मला हे वाक्य कवितेसारखं वाटलं. पुढं वाचत गेलो, तेव्हा कळलं की ते कवितेपेक्षा शास्त्राच्या जास्त जवळचं आहे. गाजर उपटलं किंवा बटाटा खणून काढला, म्हणजे तो मेला, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. काढणीनंतरही भाजी जिवंत असते. ती श्वास घेत असते. हवेतला प्राणवायू घेते, आपल्या अंगातली साखर हळूहळू जाळते, आणि कर्बवायू, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर टाकते. फरक इतकाच, की आता तिला मुळांतून पाणी मिळत नाही आणि पानांतून अन्न मिळत नाही. साठवलेल्या शिदोरीवर ती जगत असते. शिदोरी संपली की ती मऊ पडते, सुरकुतते, चव जाते आणि शेवटी बुरशी तिचा ताबा घेते. भाजी टिकवायची म्हणजे तिचा श्वास थांबवायचा नाही, मंद करायचा.

श्वास मंद करण्याचा सोपा उपाय म्हणजे थंडी. साधारण दहा अंशांनी तापमान वाढलं, की भाजीच्या श्वासाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे तीस अंशांच्या आपल्या मंडईत जी गाजरं चार दिवसांत मान टाकतात, ती शून्य-एक अंशाला चार-सहा महिने उभी राहतात. पण शून्याच्या फार खाली जाऊनही चालत नाही. भाजीतलं पाणी गोठलं की बर्फाचे कण पेशींच्या भिंती फोडतात. वितळल्यावर हातात उरतो तो चिखल. म्हणजे सगळा खेळ शून्याच्या जरा वरच्या एका अरुंद पट्टीत आहे. बाहेर उणे वीस, चुलीपाशी अधिक वीस. ती पट्टी कुठं सापडायची?

ती मातीच्या पोटात सापडते. आमा-लेंच्या घरामागे पुरुषभर खोल खड्डा होता. तिकडे त्याला ‘सादोंग’ म्हणतात. सा म्हणजे माती, दोंग म्हणजे खड्डा. भिंतींना दगड लावलेले, वर पॉप्लरच्या वाशांवर विलोच्या काटक्या, त्यावर गवत आणि त्यावर मातीचा जाड थर. एका कोपऱ्यात माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि त्यावर झाकण. शिडीनं खाली उतरलो. बाहेर ऊन चटके देत होतं, आणि खाली ओल्या मातीचा गार वास. आमच्या गावच्या विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं वाटलं.

मातीचा गुण असा, की ती ऊब सावकाश घेते आणि सावकाशच सोडते. वर जानेवारीतली थंडी पडलेली असते, तेव्हा दोनेक मीटर खाली तिची वर्दी पोचायला दीड-दोन महिने लागतात. आणि पोचते तेव्हा तिची धार निम्म्याहून कमी झालेली असते. तोवर वर उन्हं तापू लागलेली असतात. म्हणून बाहेर नदी गोठते, तेव्हाही खड्ड्यात गाजर गोठत नाही. हे आपल्याही ओळखीचं आहे. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, ते याच कारणानं.

पण खड्डा खणला आणि भाजी लोटली, एवढ्यानं भागत नाही. झाकण केव्हा उघडायचं आणि केव्हा लावायचं, यात सगळी कारागिरी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खड्डा अजून उबदार असतो. तेव्हा रात्री झाकण उघडं ठेवायचं. थंड हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते आणि उबदार हवा वर निघून जाते. दिवसा झाकण बंद. एकदा कडाक्याची थंडी सुरू झाली की उलट. रात्री झाकणावर गवताच्या पेंढ्या आणि जुनी गोणपाटं टाकून पक्कं बंद करायचं, आणि भाजी काढायला उतरायचं ते भर दुपारी, ऊन असताना. आमा-लेंकडे तापमापक नव्हता. खड्ड्यात हात घालून त्या सांगत, आज उघडू नका.

युरोप-अमेरिकेतल्या थंड मुलखांतले शेतकरी आपल्या तळघरात पाण्याची पिंपं भरून ठेवत. मला आधी वाटलं, ओलाव्यासाठी असतील. ओलावा तर मिळतोच. पण खरी गंमत अशी, की पाणी गोठताना आपल्यातली उष्णता बाहेर सोडतं. एक ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना ऐंशी कॅलरी. पाणी शून्याला गोठतं. भाजीच्या रसात साखर आणि क्षार असल्यानं ती शून्याच्या जरा खाली गोठते. म्हणजे थंडी आत शिरलीच, तर पिंपातलं पाणी आधी स्वतः गोठतं आणि त्या उष्णतेनं भाजीला वाचवतं. शाळेत ‘सुप्त उष्मा’ म्हणून जे पाठ केलं होतं, ते कुणाच्या तरी तळघरात गाजरांची राखण करत होतं, हे मला चाळिशीनंतर कळलं.

थंडीनंतरची दुसरी गोष्ट म्हणजे ओलावा. इथे सगळ्या भाज्यांना एका मापानं मोजता येत नाही. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

गाजर, सलगम, बीट, मुळा यांना शून्याच्या जवळची थंडी आणि भरपूर दमट हवा लागते. हवा कोरडी असेल तर ती हवेला आपलं पाणी देऊन टाकतात. शंभरातले आठ-दहा भाग पाणी गेलं की गाजर चामड्यासारखं होतं. म्हणून आमा-ले खड्ड्याच्या तळाशी ओलसर रेतीचा थर देत, त्यावर गाजरांची रांग, पुन्हा रेती, पुन्हा रांग. गाजर गाजराला लागू द्यायचं नाही. एक सडलं तर सड शेजारच्याला लागू नये, हा त्यात हेतू. रेती ओलसर हवी, ओली नव्हे. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. आपल्याकडे गृहिणी लाडवाचं मिश्रण पाहतात, तसं.

कोबीलाही तीच हवा लागते. पण त्याचा वास इतरांना लागतो, म्हणून तो वेगळ्या कोपऱ्यात. आमा-ले मुळांसकट उपटलेले गड्डे तिथं मातीत पुन्हा रोवून ठेवत. वरची पानं पिवळी पडत, ती सोलून टाकली की आत पांढराशुभ्र गड्डा.

बटाट्याचं जरा नाजूक. त्याला फार गारठा दिला, म्हणजे चार अंशांच्या खाली, की त्याच्यातल्या पिठाची साखर होते आणि तो गोडसर लागतो. त्यामुळे त्याची जागा जरा उबदार बाजूला. आणि त्याला उजेड अजिबात नको. उजेडात बटाटा हिरवा होतो, आणि हिरव्या बटाट्यात विषारी द्रव्य वाढतं, ते पोटाला बाधतं.

भोपळ्याला तर खड्डाच सोसत नाही. त्याला दहा-बारा अंशांची, कोरडी हवा लागते. थंड मुलखांत तो घरातच फडताळावर ठेवतात.

सफरचंदं मात्र गाजरांच्या शेजारी कधीही ठेवायची नाहीत. पिकताना सफरचंदातून इथिलीन नावाचा वायू निघतो. आमच्या धंद्यात कच्चे आंबे पिकवताना जी किमया करतात, तीच ही. त्या वायूनं गाजर कडू होतं आणि कोबीची पानं पिवळी पडून गळतात.

आणि कांदा. माझा कांदा! त्याला थंडी चालते, पण ओलावा मुळीच नाही. आमा-लेंकडे कांदे खड्ड्यात नव्हतेच. ते घरात वरच्या मजल्यावर, वारा खेळेल अशा कोरड्या खोलीत होते. कांद्याची एक गंमत आहे, ती आपल्या नाशिककडच्यांनी ऐकण्यासारखी आहे. कांदा शून्य अंशालाही झोपतो आणि पंचवीस-तीस अंशांनाही झोपतो, हवा कोरडी मिळाली म्हणजे झालं. त्याला जाग येते ती मधल्या तापमानात, दहा-वीस अंशांना. तेव्हा त्याला वाटतं की हंगाम आला, आणि तो कोंब काढतो. म्हणून लेहच्या माडीवर कांदा टिकतो आणि लासलगावच्या उन्हाळ्यात चाळीतही टिकतो. दोघांचं पथ्य मात्र एकच, ओल नको.

हे सगळं ऐकताना मला आपल्याकडची पेवं आठवत होती. ‘पेव फुटलं’ असं आपण सहज म्हणतो, पण पेव पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. 2005 सालच्या महापुरात त्यातली बरीचशी गेली. वरवर पाहता पेव आणि सादोंग दोन्ही जमिनीतले खड्डेच. पण दोघांचा धर्म उलटा आहे. पेवात ठेवायचं ते कोरडं धान्य किंवा हळद. तिथं हवा शिरू द्यायची नाही, म्हणजे किडा-मुंगी आत जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत; आत प्राणवायू नसतो, माणूस गुदमरून मरतो. सादोंगमध्ये ठेवायची ती ओली, श्वास घेणारी भाजी. तिला थोडी हवा द्यावीच लागते, नाहीतर तीच गुदमरते. पेव बंद करून विसरायचं असतं, सादोंग विसरून चालत नाही.

खड्ड्यात जाण्याआधीचीही काही पथ्यं आहेत. पहिलं, भाजी धुवायची नाही. अंगावरची कोरडी माती हातानं झटकायची. धुतलं की ओल राहते आणि ओलीत बुरशी धरते. दुसरं, गाजर-सलगमांचा पाला लगेच खुडायचा, बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून. पाला राहिला तर तो कंदातलं पाणी ओढून घेतो. तिसरं, बटाटे काढल्यावर दहा-पंधरा दिवस अंधाऱ्या, दमट, जरा उबदार जागी पसरून ठेवायचे. खणताना लागलेल्या जखमांवर तेवढ्या दिवसांत नवी साल येते. माणसाच्या खरचटलेल्या कातडीवर खपली धरते, तसंच. चौथं, कांद्याची मान पुरती वाळू द्यायची. मान ओली राहिली की तिथूनच सड आत उतरते. आणि पाचवं, जखमी माल साठवायचा नाही. आमा-लेंचा दुसरा ढीग तो होता. तो आधी खायचा, नाहीतर कापून वाळवायचा, नाहीतर गाईला घालायचा.

हे सगळं झाल्यावर मी विचारलं, “मग आता एप्रिलपर्यंत निवांत?” आमा-लेंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बागवानाच्या घरात जन्म घेऊन मी काय शिकलो. म्हणाल्या, “आठ दिवसांनी एकदा खाली उतरायचं. सगळी भाजी हातानं बघायची. एक सडकं ठेवलं की महिन्यात सगळी जाते.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. उंचीवर हवा विरळ असल्यानं बाहेरच्यांना तशीही नीट झोप लागत नाही. पण माझं कारण वेगळं होतं.

1990 साल. मी नुकताच मराठी घेऊन बी. ए. झालो होतो. पुण्याला जाऊन एम. ए. करायचं, असं घरात ठरलं होतं. त्या वर्षी अब्बांनी उसनवारी करून उन्हाळ कांदा घेतला होता आणि भाड्याच्या एका चाळीत भरला होता. दिवाळीच्या सुमाराला भाव येईल, दोन पैसे हाती लागतील, त्यात माझी फी निघेल, असा हिशेब. कांदा काढणीला आला असताना आमच्याकडे अवकाळी पाऊस पडून गेला होता. माना पुरत्या वाळल्या नव्हत्या. शेतकऱ्यालाही घाई, अब्बांनाही घाई. चाळ होती ती बुटकी, वर पत्रा, खालून हवा येईल अशी सोय नाही. आणि कांदा थेट पत्र्यापर्यंत भरलेला. पावसाळा लागल्यावर पाणी आत येऊ नये म्हणून बाजूनं गोणपाटं लावली. म्हणजे वाऱ्याची उरलीसुरली वाटही बंद.

माझ्याकडे एकच काम होतं. आठ दिवसांतून एकदा चाळीवर जायचं, बाजूबाजूनं कांदा पाहायचा, मऊ लागेल, काजळी धरलेला असेल तो काढून टाकायचा. मी जात असे. पण तिथं शांतता असायची आणि पावसाचा आवाज पत्र्यावर असायचा. मी वही काढून बसायचो. माझ्या पहिल्या संग्रहातल्या सहा-सात कविता त्या चाळीवर लिहिलेल्या आहेत. घरी आल्यावर अब्बा विचारत, “कांदा देखा क्या?” मी म्हणायचो, “हो.”

ऑगस्टच्या अखेरीला वास यायला लागला. सप्टेंबरात ढीग मधून खचला आणि खालून तांबूस पाणी वाहू लागलं. निम्म्याहून जास्त माल आम्ही गाडीत भरून गावाबाहेर नेऊन टाकला. अब्बा मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी एम. ए.ला गेलो नाही. गाळ्यावर बसलो, मग एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. लोकांना सांगताना मी ‘त्या वर्षी पाऊस फार झाला’ असं सांगत आलो.

लेहहून परत आल्यावर मी पहिल्यांदा अब्बांना खरं सांगितलं. तेव्हा त्यांची ऐंशी उलटून गेली होती, नजर मंदावली होती, पण हिशेब पक्का होता. त्यांनी ऐकून घेतलं. थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “माना गीले थे. चाळ में हवा नहीं थी. तू देखता तो रुपये में चार आने बचते. बारा आने तो जानेच वाले थे.” मला हायसं वाटलं. मग ते म्हणाले, “लेकिन बेटा, धंदा उस चार आने पेच चलता है.”

यापेक्षा चोख निवाडा मला कुठल्या कोर्टात मिळाला नसता. आज उन्हाळ कांद्याची चांगली चाळ कशी असावी, हे शेतकरी जाणतात. जमिनीपासून उचललेली, खालून आणि बाजूंनी फटी असलेली, रुंदीला चारेक फूट, आणि ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नाही. वारा आरपार गेला पाहिजे. त्या चार आण्यांसाठीच ही सगळी यातायात असते.

आता भाजी राखण्याच्या दुसऱ्या वाटेबद्दल थोडं. जी भाजी झोपवता येत नाही, ती वाळवायची. यात काश्मीर खोऱ्याचा हात कुणी धरू शकणार नाही. तिथं वाळवलेल्या भाज्यांना ‘होख स्युन’ म्हणतात. उन्हाळाभर दुध्याच्या चिरफळ्या, वांग्याच्या फोडी, टोमॅटोच्या चकत्या दोऱ्यात ओवून किंवा चटयांवर पसरून वाळवतात. सलगमाच्या चकत्यांच्या माळा खिडक्यांना टांगतात. 21 डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ सुरू होतं, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. त्यानंतर वीस दिवसांचं चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. या सत्तर दिवसांत ह्या माळा उतरतात आणि भिजवून, उकळून, मटणाबरोबर किंवा डाळीबरोबर शिजतात. तत्त्व साधं आहे: बुरशीला आणि जिवाणूंना जगायला पाणी लागतं, तेच काढून घ्यायचं. जीवनसत्त्वं काही प्रमाणात जातात, चव बदलते. पण पोटाला भाजी मिळते. आपल्याकडचं वाळवण याच जातीचं. अम्मी उन्हाळ्यात गवारीच्या शेंगा आणि मेथी वाळवायची, कोकणात आंबोशी करतात. फरक एवढाच, की आपण ते चवीसाठी आणि आडीअडचणीसाठी करतो, तिथं त्याच्यावर हिवाळा निघायचा.

‘निघायचा’ असं म्हटलं, कारण काळ बदलला आहे. लेहमध्ये 1962 सालापासून संरक्षण खात्याची एक संशोधन संस्था उंचावरच्या शेतीवर काम करत आली आहे. दक्षिणेकडे तोंड करून बांधलेल्या, तीन बाजूंनी मातीच्या भिंती आणि समोर प्लॅस्टिकचा कागद असलेल्या हरितगृहांत भर हिवाळ्यातही पालेभाजी होऊ लागली आहे. मनालीच्या बाजूला 2020 साली रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाला. सोनमर्गचा बोगदा 2025च्या जानेवारीत खुला झाला, आणि जोजी लाच्या खालून जाणाऱ्या बोगद्याचं खोदकाम 2020 साली सुरू झालं. खुद्द जोजी ला खिंडही आता पूर्वीइतकी दिवस बंद राहत नाही. 2023 साली ती 68 दिवसांत उघडली. पूर्वीचे पाच-सहा महिने कुठे आणि हे कुठे!

ही चांगलीच गोष्ट आहे. ज्याला मार्चमध्ये ताजा टोमॅटो मिळतो, त्याला ‘तुम्ही आपलं सलगमच खा’ म्हणण्याचा अधिकार मला, मंडईच्या शेजारी राहणाऱ्याला, नाही. आमा-लेंच्या नातवंडांनी खड्ड्यात उतरण्याऐवजी बाजारात जावं, यात वाईट काय आहे? एवढंच वाटतं, की खड्डा बुजवू नये. दरड कोसळते, हिमकडा येतो, रस्ता आठ-पंधरा दिवस बंद पडतो. तेव्हा ज्याच्या घरामागे रेतीत गाजरं आहेत, त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. शिवाय या खड्ड्याला वीज लागत नाही. आपल्याकडे शीतगृहं आहेत, पण वीज गेली की तिथला माल कोण राखणार, हा प्रश्न असतोच.

निघायच्या दिवशी आमा-लेंनी माझ्या पिशवीत वाळलेले जर्दाळू घातले आणि वर रेतीतलं एक गाजर ठेवलं. मी ते घरापर्यंत आणलं. तिसऱ्या दिवशी नाशिकच्या उन्हात ते मऊ पडलं. त्याला राखणारी माती तिकडेच राहिली होती.

अब्बांना जाऊन आता काही वर्षं झाली. चाळ नाही, गाळाही नाही. स्वयंपाकघरात पाच किलो कांद्याची एक टोपली आहे. दर रविवारी सकाळी, वर्तमानपत्र उघडण्याच्या आधी, मी ती जमिनीवर उपडी करतो आणि एकेक कांदा हातात घेऊन पाहतो. घरातले हसतात. पाच किलोसाठी एवढं काय, म्हणतात. मऊ लागतो तो मी बाजूला काढतो, तो त्या दिवशीच्या भाजीत जातो, आणि बाकीचे पुन्हा टोपलीत भरतो. जरा सैलसर, वारा लागेल असे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)